तिसाव्या पानावर मिटलेली सात पुस्तकं

नाशिकहून एका वाचकाचं लांबलचक पत्र आलं आहे. त्याचा गोषवारा असा: वय ३३, शिक्षण इंग्रजी माध्यमात, मराठी वाचन शाळेच्या पुस्तकापुरतं. गेल्या वर्षी आजी गेल्यावर तिच्या खोलीची आवराआवर करताना त्यांना लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राची कव्हर गेलेली प्रत मिळाली. सहज चाळायला घेतली आणि आठवडाभर रात्री जागून वाचून काढली. एका रात्री इतके हसले, की शेजारी झोपलेली मुलगी उठून म्हणाली, “बाबा, रडताय का?” तेव्हापासून ‘असंच आणखी’ शोधणं चालू आहे. मित्रांनी आणि फोनवरच्या याद्यांनी सुचवलेली सात पुस्तकं आणली, चोवीसशे रुपये गेले आणि सातही तिसाव्या पानाच्या आसपास मिटली. काही नुसती रडवणारी, काही नुसती हसवणारी. मध्यंतरी एका दलित आत्मकथनातल्या प्रसंगाला हसू आलं, तर ऑफिसातला सहकारी म्हणाला, “तुला यात हसू येतं?” ते लागलं. त्यांचे प्रश्न तीन: असं दुसरं पुस्तक आहे का? माझी आवड फारच अरुंद आहे का? आणि दुसऱ्याच्या हालांवर हसणं चूक आहे का?

नमस्कार,

तुमचं पत्र वाचताना मी दोन ठिकाणी थांबले. एकदा मुलीच्या प्रश्नापाशी. भिंतीपलीकडून ऐकलं तर या पुस्तकाचं हसू खरंच तसं ऐकू येत असणार. दुसऱ्यांदा थांबले ते पत्राच्या अगदी शेवटी, तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्यापाशी. त्याकडे नंतर येते.

आधी त्या सात पुस्तकांचं बघू. तुम्ही आवडीला दोष देताय, मला तुमच्या विचारण्यात गडबड दिसते. ‘स्मृतिचित्रेसारखं काही सांगा’ म्हटलं की ऐकणारा आपापलं ऐकतो. कुणाला ऐकू येतं ‘बाईचं आत्मचरित्र’, कुणाला ‘जुना काळ’, कुणाला ‘धर्मांतर’, तर कुणाला नुसतंच ‘विनोदी’. तुम्ही पाठवलेल्या यादीत हे स्पष्ट दिसतं. रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ तुमच्या हातात कसं आलं असेल याचा अंदाज सहज बांधता येतो. लहान वयात लग्न, मोठा नवरा, त्यानंच दिलेली अक्षरओळख, घरातल्या बायकांचा जाच, काळही जवळपासचा. यादी करणाऱ्याच्या दृष्टीनं ही दोन्ही पुस्तकं सख्ख्या बहिणी. पण १९१० साली आलेलं रमाबाईंचं पुस्तक नवऱ्याच्या पायाशी बसून लिहिलेलं आहे. त्याची किंमत वेगळी आहे आणि मला ते प्रिय आहे. पण तुम्ही जे शोधत होतात ते त्यात तिसाव्या पानावरच काय, शेवटच्या पानावरही मिळालं नसतं. लक्ष्मीबाई नवऱ्याच्या, म्हणजे कवी नारायण वामन टिळकांच्या, पायाशी बसत नाहीत. त्या त्याच्या समोर बसतात, कधीकधी कमरेवर हात ठेवून उभ्या राहतात, आणि पुस्तकभर त्याला सरळ ‘टिळक’ म्हणतात.

तेव्हा पहिला प्रश्न तुम्ही स्वतःलाच विचारा: मला नेमकं हसू कुठे आलं? प्रसंग आठवा, विषय नको.

माझं उत्तर सांगते. मला आठवतात लक्ष्मीबाईंचे सोवळं पाळणारे वडील. १८५७ च्या बंडात त्यांचे सासरे फासावर गेले. त्या धक्क्यानंतर या गृहस्थांनी सोवळ्याचं जे काही वेड घेतलं, त्यात सगळं घर भिजत राहिलं. बाहेरून आलं की धू, शिवलं की धू. मुलांचे हाल, बायकोचे हाल. आता यातलं एकेक सुटं केलं तर विनोदी काय आहे? एक फाशी, एक भ्यालेला माणूस, त्याच्या भीतीखाली दबलेलं घर. तरी आपण हसतो. कारण सांगणारी बाई वडिलांवर दात धरून नाही आणि त्यांना पाठीशीही घालत नाही. मुलगी म्हणून जे दिसलं ते ती जसंच्या तसं ताटात वाढते. पुढे स्वतःवर वेळ येते, टिळक न सांगता घर सोडून निघून जातात, मुलं दगावतात, १८९५ मध्ये नवरा ख्रिस्ती होतो आणि पाच वर्षं ताटातूट होते, तेव्हाही ती हाच हात चालवते. सगळ्यात जास्त चिमटे तिनं काढलेत ते स्वतःला.

तुम्हाला आवडली आहे ती ही जागा, जिथे उभं राहून सांगणारी बोलते. दुःखात हसू कालवलेल्या पुस्तकांचा काही वेगळा कप्पा नसतो. असलाच तर तो कुठल्याही दुकानातल्या फळीवर लावलेला नाही. म्हणून तुम्हाला तो सापडत नाहीये. ही जागा आत्मचरित्रात सापडते, प्रवासवर्णनात सापडते, कादंबरीत सापडते. आणि ती मराठीला नवीनही नाही. दिवाळं निघालं हे फार बरं झालं असं देवाला ऐकवणारे तुकोबा आपल्याकडे आहेतच.

आता पुस्तकं. एकदम सगळी आणू नका. चोवीसशे रुपयांचा धडा पुरे झाला.

पहिलं, बाया कर्व्यांचं ‘माझे पुराण’. १९४४ साली आलं. नावातच बाईचा स्वभाव कळतो, कारण आपलं गाऱ्हाणं लांबलं की लोक त्याला ‘पुराण’ म्हणतात हे तिला पक्कं माहीत आहे. धोंडो केशव कर्व्यांची ही दुसरी बायको. विधवा होती. १८९३ मध्ये पुनर्विवाह झाला आणि कर्व्यांच्या गावच्या, मुरुडच्या मंडळींनी वाळीत टाकलं. नवरा महर्षी, म्हणजे घरात पैसा टिकण्याची शक्यता शून्य. महर्षींच्या घरात मीठ-मिरचीचा हिशेब कुणी तरी ठेवावाच लागतो, तो हिनं ठेवला, आणि पुढे लिहूनही ठेवला. लक्ष्मीबाईंइतकी लेखणी फिरत नाही, हे आधीच सांगून ठेवते. मध्ये मध्ये नुसत्या हकिगती येतात. पण मोठ्या माणसाच्या स्वयंपाकघराच्या दारातून त्याच्याकडे बघणारी ती नजर तुम्हाला लगेच ओळखू येईल.

दुसरं, आणि माझं लाडकं, विष्णुभट गोडसे वरसईकरांचं ‘माझा प्रवास’. हे म्हणजे अठराशे सत्तावनचं बंड एका कर्जबाजारी भिक्षुकाच्या नजरेतून. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब ब्राह्मण. बायजाबाई शिंदे उत्तरेत मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा घसघशीत मिळेल, असं कानावर आलं म्हणून काकांना घेऊन निघाला. महूच्या वाटेवर शिपाई भेटले आणि आता लवकरच काय पेटणार आहे ते त्यांनी सांगून टाकलं. शहाण्या माणसानं परत फिरावं की नाही? पण घरी कर्ज आहे. हे गेले पुढे. मग झाशीत अडकले, वेढा पाहिला, कत्तल पाहिली, पुन्हा पुन्हा लुटले गेले. आणि एवढ्या सगळ्यातून घरी काय आणलं, तर आईवडिलांच्या स्नानासाठी गंगेची कावड. गोडसेभटजी विनोद करत नाहीत, हे लक्षात घ्या. परिस्थितीच अशी आहे, की हा माणूस जितक्या गंभीरपणे सांगतो तितकं आपल्याला हसू येतं, आणि पुढच्याच परिच्छेदात ते घशात अडकतं. पुस्तक छापून आलं १९०७ साली, चिंतामणराव वैद्यांनी काढलं. त्यांनी भाषेला हात लावला होता. मूळ लिखाणाबरहुकूम आवृत्त्या नंतर निघाल्या, मिळाली तर ती घ्या. भाषा सुरुवातीला जड जाईल, त्यावर उपाय खाली सांगते.

तिसरं, कादंबरी चालत असेल तर भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’. १९६३ ची. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग पुण्याला शिकायला येतो आणि काहीही न होता परत जातो, एवढीच गोष्ट. मेस, वसतिगृह, कॉलेजातल्या निवडणुका यांवर तुम्ही हसत असाल, आणि अचानक धाकटी बहीण मनी देवीनं जाते. ती पानं वाचून झाली की दोन दिवस दुसरं काही वाचू नका. काहींना ही कादंबरी पहिल्या पानापासून चढते, काहींना शेवटपर्यंत चढत नाही. नाही चढली तर खुशाल ठेवून द्या, कुणाला कारण द्यायला नको.

इंग्रजी तुम्हाला सहज येतं म्हणून एकच नाव: फ्रँक मकॉर्ट यांचं ‘अँजेलाज् अ‍ॅशेस’, १९९६ चं. आयर्लंडमधल्या लिमरिक गावातलं दारिद्र्य, पगार दारूत घालवणारा बाप, आणि हे सगळं सांगणारा लहान मुलगा, ज्याला स्वतःची कीव करता येते हेच अजून ठाऊक नाही. पण आधी मराठी वाचा. तुम्हाला जे सापडलं ते मराठीत सापडलंय, आणि इतक्या वर्षांनी हाताला लागलेली भाषा लगेच सोडू नये असं मला वाटतं.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येते. पत्राचं खरं ओझं तिथे आहे.

सहकाऱ्याचा प्रश्न मी उडवून लावणार नाही. तो विचारला गेला हे बरंच झालं. आपल्याकडे जातीवरून हसण्याची जुनी सवय आहे, आणि ती सवय पुस्तक हातात घेताना आपोआप गळून पडत नाही. तुम्ही कुठल्या पुस्तकातल्या कुठल्या प्रसंगाला हसलात ते लिहिलेलं नाही, त्यामुळे तुमच्यापुरता निवाडा मी करू शकत नाही. पण निवाडा करायची एक रीत सांगते. त्या प्रसंगात लेखक कुणाकडे बघून हसतोय आणि तुम्ही कुणाकडे बघून हसलात, हे तपासा. दोघांची नजर एकाच दिशेला असेल, तर तुम्ही पुस्तक नीट ऐकलंत. लेखक गावाच्या ढोंगाकडे बघतोय आणि तुम्ही त्याच्या फाटक्या सदऱ्याकडे बघून हसलात, तर सहकारी बरोबर होता.

काही वर्षांपूर्वी आमच्या वाचनगटात ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ हे दलित आत्मकथन ठेवलं होतं. आम्ही दहा-बाराजणी दुखवट्याला आल्यासारखे चेहरे करून बसलो होतो. कुणी ‘वेदना’ म्हणत होतं, कुणी ‘विदारक’. डोक्यावर ओझी घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला डोंगर तुडवत निघालेल्या बायकांचं वर्णन एकीनं वाचायला घेतलं, आणि मागच्या खुर्चीवरच्या एक बाई खुदकन हसल्या. त्या तिकडच्याच. सगळ्यांनी माना वळवल्या. त्या म्हणाल्या, “अहो, आमच्या आया अशाच बोलायच्या. ओझ्यानं मान मोडायची, पण तोंड बंद नसायचं.” मग त्यांनी तोच उतारा त्यांच्या हेलात वाचून दाखवला, आणि आम्ही सगळ्याच हसलो. तोवर आम्ही पुस्तकाचा मान राखत होतो, वाचत नव्हतो. सततचं गांभीर्यही लेखकाला लांबच ठेवतं. मला स्वतःला हे फार उशिरा कळलं.

म्हणून ‘आयदान’ (२००३) माझ्या यादीत आहे. आयदान म्हणजे बांबूची विणलेली टोपल्या-सुपं. आई ती विणायची, लेक आठवणी विणते. दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) आहे. त्यात शिकून शहाणा झालेला दया पवार समोर बसलाय आणि दगडू मारुती पवार त्याला आपलं पूर्वायुष्य सांगतोय. दोघे एकच. स्वतःलाच असं समोर बसवून बोलायला लावलं की बढाई मारता येत नाही आणि रडगाणंही फार वेळ गाता येत नाही. लक्ष्मीबाई स्वतःला काढतात त्या चिमट्याची ही दगडूच्या हातची तऱ्हा. बेबीताई कांबळ्यांचं ‘जिणं आमुचं’ (१९८६) आहे. फलटणला दुकानात बसून, नवऱ्यापासून वर्षानुवर्षं लपवून लिहिलेलं. त्यातल्या अंगात येण्याच्या आणि सासुरवासाच्या वर्णनात हसू आणि संताप इतका एकमेकांत गुंतलाय, की सोडवायला जाऊ नये. मात्र ही तिन्ही पुस्तकं ‘हसू शोधायला’ म्हणून उघडू नका. सांगणाऱ्याचा आवाज ऐकायला उघडा. हसू येईल तेव्हा येईल.

सहकाऱ्याला यातलं एखादं वाचायला द्या. वाद घालण्यापेक्षा ते बरं. तो कुठे हसतो, कुठे नाही, यावर चहा पिता पिता बोलता येईल.

आता थोडं व्यवहाराचं, तुमच्यासारख्या इतर वाचकांनाही उपयोगी पडेल असं.

पुस्तक विकत घ्यायच्या आधी पहिलं पान वाचू नका. पहिलं पान सगळेच सांभाळून लिहितात. मधलं कुठलं तरी उघडा, आणि लेखकाची फजिती झाली आहे असा प्रसंग शोधा. आत्मचरित्रात तो असतोच. नसला तर तेही एक उत्तर झालं. त्या प्रसंगात लेखक चूक कुणावर ढकलतो ते बघा. सगळी चूक जगाची असेल, तर पुस्तक चांगलं असू शकेल, पण तुमचं नाही. या एका युक्तीनं माझे बरेच पैसे वाचलेत. प्रस्तावना शेवटी वाचा. आपल्याकडच्या प्रस्तावना बहुधा सत्काराच्या भाषणासारख्या असतात आणि पुस्तकातला खट्याळपणा त्यात आधीच मारून टाकलेला असतो.

तुम्ही नाशिकला आहात आणि पत्रात सार्वजनिक वाचनालयाचा उल्लेख नाही, याचं मला नवल वाटलं. ‘सावाना’ १८४० पासून आहे. सभासद व्हा. काउंटरवर ‘स्मृतिचित्रेसारखं काही’ म्हणू नका. ‘हे पुस्तक आवडीनं नेणारे लोक आणखी काय नेतात?’ असं विचारा. जुन्या कर्मचाऱ्यांना हे तोंडपाठ असतं. आणि पुस्तकाच्या मागे चिकटवलेला तारखांच्या शिक्क्यांचा कागद बघायला विसरू नका. तारखा जवळजवळ पडलेल्या, मग मध्ये वीस वर्षं काही नाही, मग पुन्हा दोन शिक्के. असं पुस्तक मी हमखास घरी आणते. विसरलं गेल्यावर पुन्हा कुणीतरी शोधून काढलेलं असतं ते.

जुन्या पुस्तकांवर पैसे कमी लागतात हेही लक्षात ठेवा. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी आपल्याकडे स्वामित्वहक्क संपतो. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये गेल्या, त्यामुळे कुणीही त्यांचं पुस्तक छापू शकतो आणि छापतात. यात एक खोच आहे: घेताना आवृत्ती पूर्ण आहे की संक्षिप्त, ते आतल्या पानावर बघा. संक्षिप्त करणारे नेमकं काय गाळतात ते वेगळं सांगायला नको. आजीची कव्हर गेलेली प्रत कुठली आहे, तेही पाहून ठेवा.

आणि भाषा जड जाते त्याचं. तुम्ही लाजत लाजत लिहिलंय की तुम्ही मराठी ‘मनातल्या मनात ओठ हलवत’ वाचता, दिवसाला वीस पानं. अहो, ही पुस्तकं तशीच वाचायची आहेत! लक्ष्मीबाईंचं वाक्य हे बोललेलं वाक्य आहे, भरभर डोळ्यांखालून घातलं तर त्यातली फिरकी निसटते. तुमच्या सात पुस्तकांपैकी निदान दोन तुम्ही ऑफिसच्या बसमध्ये घाईत वाचलीत असं तुमच्याच पत्रावरून दिसतं. गोडसेभटजी रात्री जेवणानंतर पाच पानं मोठ्यानं वाचून बघा. अडलेला शब्द सोडून द्या, पुढच्या ओळीत तो आपोआप कळतो. मुलगी जागी असेल तर तिला ऐकू द्या, कत्तलीची पानं तेवढी वगळून.

आवड अरुंद आहे का, हा तुमचा दुसरा प्रश्न राहिला. नाही. एका पुस्तकानं झपाटल्यावर काही महिने दुसरं काही चव देत नाही, एवढंच आहे ते. आंबा खाल्ल्यावर चहा पिऊन पाहा. मधल्या काळात ‘स्मृतिचित्रे’च पुन्हा उघडलीत तरी चालेल. लक्ष्मीबाईंचं जन्मगाव जलालपूर तुमच्या नाशिकजवळच आहे, एखाद्या रविवारी जाऊन या. पाहण्यासारखं काही असेलच असं नाही. नदी बघून परत या.

आता ते शेवटचं वाक्य. तुम्ही लिहिलंय, ‘आजीच्या प्रतीत बऱ्याच ठिकाणी पेन्सिलीच्या खुणा आहेत, आणि तिच्या कपाटातली बाकीची पुस्तकं दोन खोक्यांत भरून मामाकडे माळ्यावर ठेवली आहेत.’

सात पुस्तकं विकत आणलीत तुम्ही. चार मित्रांना विचारलंत, फोनला विचारलंत, मला विचारलंत. ज्या बाईला तुमच्या आधी तेच पुस्तक आवडलं होतं, तिची सगळी यादी माळ्यावर पडून आहे. आधी तिच्या पेन्सिलीच्या खुणा आणि तुमची हसण्याची ठिकाणं जुळतात का ते बघा. जुळत असली तर मामांना आज रात्रीच फोन करा. माळा म्हणजे वाळवी आणि गळकं छप्पर, पाऊस सुरू व्हायच्या आत खोकी खाली उतरवायला सांगा. पुस्तकं उन्हात नको, सावलीत पसरा, आणि पानं झटकायच्या आधी आत बसची तिकिटं-बिकिटं काही आहे का ते बघून घ्या. काय काय निघालं ते मला जरूर कळवा, मलाही वाचायला काहीतरी हवंच आहे.